विश्लेषण : प्लाझ्मा की एलसीडी? जुना वाद नव्या नावांनी दुकानात का परतला आहे?

३२ इंचांपेक्षा मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतच्या संचांना ही सवलत जानेवारी २०१९ पासूनच होती. करापूर्वी ५० हजार रुपये किमतीच्या संचामागे आता पाच हजार रुपये वाचतात. साहजिकच ४३ आणि ५५ इंचांचे संच घेण्याचा विचार अनेक घरांत सुरू आहे. पण दुकानात पाऊल टाकताच एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी अशा नावांचा मारा होतो आणि विक्रेता सांगेल ते खरे मानून ग्राहक बाहेर पडतो.

वीस वर्षांपूर्वी नावे दोनच होती, प्लाझ्मा आणि एलसीडी. चित्र कुणाचे चांगले, यावर जाणकारांचे फारसे दुमत नव्हते. बाजाराने मात्र दुसऱ्याला निवडले. असे का झाले हे समजून घेतले तर आजच्या नावांचा गुंताही बराच सुटतो.

दोन्हींतला मूळ फरक कोणता?

प्लाझ्माचा पडदा म्हणजे दोन काचांमध्ये बसवलेली लाखो सूक्ष्म कप्प्यांची जाळी. प्रत्येक कप्प्यात निऑन आणि झेनॉन वायूंचे मिश्रण असते. विद्युतदाब दिला की वायूचे आयनीभवन होते, त्यातून अतिनील किरण निघतात आणि कप्प्याच्या आतला लाल, हिरवा किंवा निळा लेप उजळतो. घरातल्या ट्यूबलाइटचे तत्त्व याच जातीचे. म्हणजे प्लाझ्माचा प्रत्येक ठिपका हा एक चिमुकला दिवा असतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६४ मध्ये डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी असा पहिला पडदा तयार केला, तो शिक्षणासाठीच्या ‘प्लेटो’ या संगणक प्रणालीसाठी. त्यावर फक्त नारिंगी रंग दिसे.

एलसीडीतले द्रवस्फटिक स्वतः उजळत नाहीत. पडद्यामागे दिवा सतत जळत असतो आणि स्फटिक खिडकीच्या झडपांसारखे कमी-जास्त उघडून त्याचा प्रकाश सोडतात किंवा अडवतात. द्रवस्फटिकांचा हा गुण फ्रेडरिक रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आला १८८८ मध्ये, गाजरातील एका पदार्थाचा अभ्यास करताना. त्याचा प्रदर्शन-पडदा व्हायला मात्र १९६० चे दशक उजाडले आणि तो आधी मनगटी घड्याळे व कॅल्क्युलेटरमध्ये शिरला.

एकात ठिपका स्वतः उजळतो, दुसऱ्यात मागून आलेला उजेड गाळला जातो. यापुढचे सगळे फरक या एका फरकातून निघतात.

चांगले चित्र कुणाचे होते?

प्लाझ्माचे. अंधाऱ्या दृश्यात हे पटकन दिसे. एलसीडीच्या झडपा पूर्ण बंद होत नाहीत, थोडा उजेड झिरपतोच, त्यामुळे रात्रीचे आकाश काळ्याऐवजी राखाडी दिसते. प्लाझ्मात तो ठिपका जवळजवळ विझवता येई. पायोनिअरने २००७ मध्ये आणलेल्या प्लाझ्मा संचांचे नावच ‘कुरो’ होते. जपानी भाषेत त्याचा अर्थ काळा. गृहचित्रपटाचे शौकीन आजही हे नाव आदराने घेतात.

हलत्या चित्रातही तेच. वेगाने सीमारेषेकडे जाणारा चेंडू त्या काळच्या एलसीडीवर मागे शेपूट ओढत जाई, कारण स्फटिकांना स्थिती बदलायला वेळ लागे आणि प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत पडद्यावर जसेच्या तसे टिकून राही. प्लाझ्माचा ठिपका क्षणभर चमकून विझे, त्यामुळे डोळ्याला चेंडू स्वच्छ दिसे. शिवाय बाजूने पाहिले तरी प्लाझ्माचे रंग बदलत नसत. आपल्याकडे ही गोष्ट किरकोळ नाही. टीव्हीच्या अगदी समोर, मधोमध बसायला मिळते ते घरातल्या एका-दोघांना. बाकीचे दिवाणावर, दाराशी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी असतात.

मग प्लाझ्मा हरला कसा?

पहिले कारण दुकान. टीव्हीचे दुकान म्हणजे छतभर ट्यूबलाइट आणि भिंतभर एकमेकांना खेटून लावलेले संच. त्या झगमगाटात प्लाझ्माच्या चकचकीत काचेवर छतावरचे दिवे उमटत आणि चित्र फिके वाटे. शेजारचा एलसीडी मात्र मागच्या दिव्याच्या जोरावर लखलखत असे. कारखान्यातून निघतानाच किंवा दुकानदाराच्या हातून तो सर्वांत भडक रंगांच्या ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर ठेवलेला असे. दोन संच शेजारी असले की डोळा उजळ संचाकडे झुकतो. घरी संध्याकाळी दिवे मंद करून पाहिले असते तर निकाल कदाचित उलटा लागला असता, पण निर्णय दुकानातच होत होता.

दुसरे कारण वीज आणि उष्णता. ४२ इंची प्लाझ्मा दृश्यानुसार दोनशे ते तीनशे वॉट सहज घेई, कधी त्याहूनही जास्त. तीनशे वॉट धरून रोज पाच तास लावला तर वर्षाला साधारण साडेपाचशे युनिट होतात. शिवाय संच तापे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात आधीच तापलेल्या खोलीत ही भर कुणाला हवी असेल? कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २००९ मध्ये टीव्हीच्या वीजवापरावर बंधने घालणारे नियम मंजूर केले, तेव्हा मोठ्या पडद्याच्या संचांसाठी, म्हणजे मुख्यतः प्लाझ्मासाठी, ते डोईजड ठरतील हे उघड होते.

तिसरे कारण आकाराचे, आणि हेच बहुधा निर्णायक. प्लाझ्माचे कप्पे एका मर्यादेपलीकडे लहान केले की त्यांचा उजेड झपाट्याने घटतो. त्यामुळे ३२ इंचांखालचा प्लाझ्मा परवडण्याजोगा होत नसे. ४२ इंची प्लाझ्मातही अनेकदा १०२४ गुणिले ७६८ ठिपकेच असत, म्हणजे ‘एचडी रेडी’. त्याच आकाराचा एलसीडी ‘फुल एचडी’ होत होता. पुढे फोर-के आले तेव्हा प्लाझ्माकडे त्याला सोयीचे उत्तर नव्हते. एलसीडीचे तंत्र मात्र मोबाइल, लॅपटॉप, संगणक, एटीएम, मोटारीतला डॅशबोर्ड असे सर्वत्र चालते. त्या सगळ्या वस्तूंच्या खपातून एलसीडीचे कारखाने उभे राहिले, मोठे झाले आणि पडद्याचा दर पाडत गेले. प्लाझ्माला टीव्हीखेरीज फारसे गिऱ्हाईकच नव्हते. फुजित्सूचा ४२ इंची रंगीत प्लाझ्मा १९९७ च्या सुमारास बाजारात आला तेव्हा असा संच सुमारे १५ हजार डॉलरना मिळे. तो दरही पुढे खूप घसरला, पण एलसीडीच्या घसरणीशी त्याला बरोबरी साधता आली नाही.

एक गमतीशीर अडचणही होती. उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने प्लाझ्माच्या काचा किंचित फुगत आणि संच गुणगुणू लागे. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरवर आहे, तिथवर काळजी नव्हती. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये मात्र प्लाझ्मा टांगणे म्हणजे भुंगा पाळण्यासारखे झाले असते.

पायोनिअरने फेब्रुवारी २००९ मध्ये टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडण्याची घोषणा केली. प्लाझ्माचा सर्वांत निष्ठावान पाठीराखा पॅनासोनिक. जानेवारी २००८ मध्ये १५० इंची प्लाझ्मा दाखवून त्याने जगाला थक्क केले होते. मार्च २०१२ आणि मार्च २०१३ मध्ये संपलेल्या दोन आर्थिक वर्षांत मिळून त्याने दीड लाख कोटी येनांहून अधिक तोटा नोंदवला. तो सगळाच प्लाझ्मामुळे नव्हता, पण ऑक्टोबर २०१३ मध्ये प्लाझ्मा थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला. २०१४ संपेपर्यंत सॅमसंग आणि एलजीनेही उत्पादन गुंडाळले.

भारतात तेव्हा काय सुरू होते?

इथे तुलना अर्धवटच झाली. मुंबईत अॅनालॉग केबल बंद होण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. राज्यात इतरत्र ती त्याहून बराच काळ टिकली. तोवर लाखभर रुपयांच्या पडद्यावरही चित्र यायचे ते गल्लीतल्या केबलच्या जोडणीतून, मुंग्या आलेले. त्यात जुने चार-तीन प्रमाणातले चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवण्याची हौस. वृत्तनिवेदकांपासून नायिकांपर्यंत सगळे काही वर्षे आपल्या घरांत जाडजूड दिसत होते आणि ‘पूर्ण पडदा वापरला पाहिजे ना, पैसे मोजलेत’ असे त्याचे समर्थनही होत होते. अशा चित्रावर प्लाझ्माचा काळा रंग किती गडद, हे कुणाला कळणार होते?

उद्योगाचा अंदाजही चुकला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात टीव्ही बनवणाऱ्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जगभरातला व्यवसाय घेतला. तेव्हा मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटला होता. त्यानंतर दोनच वर्षांत, २००७ च्या अखेरीस, जगातील विक्रीत एलसीडीने पिक्चर ट्यूबला मागे टाकले. व्हिडिओकॉनच्या पुढच्या पडझडीला इतर व्यवसायांतील कर्जेही कारणीभूत होती, पण संपत आलेल्या तंत्राचे कारखाने विकत घेणे हा त्या कथेतला ठळक अध्याय आहे.

जिंकलेल्यांचे भले झाले का?

सर्वांचे नाही. एलसीडीचा जपानमधील अग्रणी शार्प २०१६ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनकडे गेला. त्याच्या साकाई येथील प्रचंड कारखान्यात टीव्हीचे पडदे बनणे २०२४ मध्ये थांबले. सॅमसंगने एलसीडी पडद्यांचे उत्पादन २०२२ मध्ये सोडले. आज या पडद्यांचा मोठा वाटा चीनमधून येतो. खोक्यावरचे नाव कुठलेही असो, आतला पडदा बऱ्याचदा त्याच दोन-चार कारखान्यांतला असतो.

‘एलईडी टीव्ही’ हे नाव कितपत खरे?

ग्राहकाची फसगत सुरू होते ती इथे. २००९ मध्ये सॅमसंगने ‘एलईडी टीव्ही’ हे नाव जोरात पुढे आणले. बदल एवढाच होता की एलसीडीच्या मागे आधी बारीक ट्यूबलाइट असत, त्यांच्या जागी एलईडी दिवे आले. त्याने वीज वाचली, संच सडपातळ झाला, ट्यूबमधला पारा गेला. सुधारणा चांगलीच होती. पण पडदा एलसीडीच राहिला. चित्र एलईडीचे बनते असा समज जाहिरातींतून होतो, अशा तक्रारींची ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने त्याच वर्षी दखल घेतली आणि कंपनीला ते स्पष्ट करण्यास सांगितले. आपल्याकडे मात्र आजही ‘एलसीडी जुना, एलईडी नवा’ असे दुकानदार बिनदिक्कत सांगतो आणि ग्राहक मान डोलावतो.

क्यूएलईडी हीदेखील एलसीडीच. मागच्या उजेडाच्या वाटेत क्वांटम डॉट म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा थर घातल्याने रंग अधिक शुद्ध होतात. या कणांच्या संशोधनाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा तंत्र अस्सल आहे यात शंका नाही. प्रश्न नावाचा आहे. ‘क्यूएलईडी’ आणि ‘ओएलईडी’ यांत लिहिताना एका शेपटीचा फरक दिसतो, आतली रचना मात्र पूर्ण वेगळी. हा सारखेपणा निव्वळ योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

मिनी एलईडी हा एलसीडीचा सर्वांत प्रगत अवतार. मागे हजारो छोटे दिवे, त्यांचे गट आणि दृश्यातला जो भाग काळा तिथला गट मंद. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. मागचे गट काहीशे किंवा फार तर काही हजार. त्यामुळे काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती थोडे धुरकट वलय दिसू शकते. तरीही साध्या एलईडीच्या तुलनेत फरक मोठा आहे. विक्रेत्याला विचारायचे ते हेच, गट किती? त्याला सांगता आले नाही तर संचाच्या वैशिष्ट्यांच्या पत्रकात पाहावे. तिथेही नसेल तर ते बहुधा सांगण्यासारखे नाही.

प्लाझ्माचा खरा वारस ओएलईडी. सेंद्रिय पदार्थाचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो. एलजीने ५५ इंची ओएलईडी २०१३ मध्ये विक्रीला आणला, म्हणजे प्लाझ्माचे दिवस भरत आले त्याच वर्षी. प्लाझ्माचे गुण त्याच्याकडे आले, तसे काही दुर्गुणही.

आपल्या घरात कोणता लावावा?

आधी खोली पाहावी, मग दुकान. हॉलला मोठी खिडकी आहे, दिवसा टीव्ही चालतो, पडदे ओढण्याची सवय नाही, तर उजळ एलसीडी, ऐपत असेल तर मिनी एलईडी, हाच शहाणपणाचा सौदा. रात्री दिवे मालवून चित्रपट किंवा वेब मालिका पाहणाऱ्या घरात ओएलईडीचा पैसा वसूल होतो.

मग, घरात काय पाहिले जाते? प्लाझ्माचा मोठा दुर्गुण असा की एकच स्थिर आकृती तासन्‌तास राहिली तर तिचा डाग पडद्यावर कायमचा उमटे. ओएलईडीला ही भीती कमी प्रमाणात का होईना, आहे. मराठी वृत्तवाहिन्या आठवून पाहा. कोपऱ्यात चिन्ह, खाली लाल पट्टी, तिच्याखाली पिवळी पट्टी, बाजूला चौकट, आणि हे सगळे सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत जागचे न हलणारे. घरात आजोबा निवृत्त असतील आणि बातम्या दिवसभर सुरू राहत असतील, तर ओएलईडीवर लाखभर रुपये घालण्याआधी दोनदा विचार करावा. अशा डागाचा हमीत समावेश आहे का, हे लेखी पाहावे, बऱ्याचदा नसतो.

आकाराबाबत जुना समज बदलायला हवा. ‘लहान खोलीत मोठा टीव्ही डोळ्यांना वाईट’ हे अॅनालॉग केबलच्या काळात काहीसे बरोबर होते, कारण जवळून चित्राचे दोष दिसत. फोर-के पडद्यासाठी कर्णाच्या दीड ते दोनपट अंतर पुरते. ४३ इंचांना साडेपाच ते सात फूट, ५५ इंचांना सात ते नऊ फूट. मुंबई-ठाण्याच्या वन बीएचकेतल्या दहा-बारा फुटी हॉलमध्येही ५५ इंची बसू शकतो. अट एकच, डीटीएचचा पॅक एसडीचा असेल तर एवढ्या पडद्यावर चित्र फाटल्यासारखे दिसेल. संच मोठा आणि पॅक स्वस्तातला, हा बेत फसतो.

‘एचडीआर’ या शिक्क्यावर भाळू नये. अनेक स्वस्त संच ते संकेत स्वीकारतात, पण दाखवण्याइतका उजेड त्यांच्यात नसतो. उजेड ‘निट’ या एककात मोजतात. तीनशे निटच्या संचावर तो शिक्का जवळपास शोभेचा.

संच घरी आला की पहिले काम म्हणजे ‘व्हिव्हिड’ मोड बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करणे. दोन दिवस चित्र पिवळट वाटते, मग डोळा स्थिरावतो आणि माणसांच्या कातडीचा रंग माणसांसारखा दिसू लागतो. चित्रपट पाहताना हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी. तिच्यामुळे सिनेमा मालिकेसारखा दिसतो. अभिनेता टॉम क्रूझने डिसेंबर २०१८ मध्ये खास चित्रफीत काढून प्रेक्षकांना हेच सांगितले होते. क्रिकेटसाठी ती हवी तर सुरू करावी.

सरकारने काय करावे?

वीजवापराची तारांकित पट्टी आपल्या संचांवर असते आणि ग्राहक ती पाहायला शिकला आहे. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव, मूळ देश छापावे लागते. या यादीत पडद्याचा प्रकार नाही. ‘हा एलसीडी पडदा आहे, मागे अमुक प्रकारचे दिवे, इतके गट, इतके निट’ एवढ्या दोन ओळी मोठ्या अक्षरांत आणि ग्राहकाच्या भाषेत सक्तीच्या केल्या तर कंपन्यांचे फारसे काही बिघडणार नाही. ही माहिती त्यांच्याकडे असतेच. ती लपल्यामुळे तीस हजारांच्या आणि ऐंशी हजारांच्या संचांवर जवळपास सारखी नावे मिरवतात आणि हप्त्यावर घेणारे कुटुंब फरकाचे पैसे नेमके कशासाठी मोजते, हे त्याला कळत नाही.

घरात जुना प्लाझ्मा अजून चालू असेल तर?

केवळ जुना म्हणून काढायची घाई नको. फुल एचडी चित्रपटासाठी तो आजही अनेक नव्या स्वस्त संचांपेक्षा सरस दिसतो. दिवसभराच्या बातम्यांसाठी मात्र दुसरा संच वापरावा. बिघडला तर सुटे भाग मिळणे अवघड आहे आणि पॅनेल गेले असेल तर दुरुस्तीला अर्थ उरत नाही. तेव्हा भंगारवाल्याच्या हातगाडीऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. जुन्या एलसीडीच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे, कारण त्याच्या मागच्या बारीक ट्यूबमध्ये पारा असतो. प्लाझ्मा भिंतीवरून उतरवायला दोन धडधाकट माणसे लागतात. नेताना तो उभाच न्यावा. टेम्पोत आडवा टाकला तर आतली काच हादऱ्याने तडकण्याची भीती असते.